बिनबटणांची लग्नपत्रिका

समस्त आप्तेष्ट, स्नेहीजन, हितशत्रू आणि पत्रिका मिळाली नाही म्हणून अजूनही रुसून बसलेले लांबचे नातेवाईक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकमधल्या एका कॉलनीत एक लग्न मोडता मोडता राहिलं. हुंड्यावरून नव्हे. मुलगा ऐनवेळी पळाला म्हणूनही नव्हे. मुलीचं आधी कुठे काही होतं, अशी शंका कुणाच्या मनात येत असेल तर तीही काढून टाकावी; मी खात्रीने सांगते, कारण मुलगी मीच होते. ते लग्न अडलं होतं कागदावर.

'मोडता मोडता' हे जरा वाढवून झालं. पण गोष्ट सांगणाऱ्याने एवढंही वाढवायचं नाही, तर मग त्याने बँकेत नोकरी करावी. माझा होणारा नवरा बँकेतच होता. त्याला निरोप धाडला की पत्रिकेच्या कागदावरून आमच्याकडे तंटा चालू आहे, तर त्याचं उत्तर आलं, "कागद कुठलाही चालेल, तारीख तेवढी नीट छापा." अशा माणसाबरोबर संसार सुखाचा होतो, हे मी आता अनुभवाने सांगू शकते. असो.

मी तेव्हा पेठ तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. शनिवारी दुपारच्या एसटीने नाशिकला घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचं. घाटात आमच्या एसटीच्या पुढे हमखास एक ट्रक असायचा. बांबूने गच्च भरलेला, बांबूंची शेंडी मागे लोंबती आणि त्या शेंडीला लाल फडकं बांधलेलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा, ट्रक गोगलगाईसारखा चालायचा, आणि मी ते फडकं बघत बसायचे. एकदा कंडक्टरला विचारलं की एवढा बांबू जातो तरी कुठे. तो म्हणाला, कागदाच्या मिलला जातो बाई, तुमच्या वह्या होतात त्याच्या. 'तुमच्या' हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू ट्रक मीच मागवला होता.

पेठला मी जिच्या घरात खोली घेऊन राहायचे, ती बाई टोपल्या विणायची. तिच्या सासूच्या वेळी बांबू परसात होता. ती लग्न होऊन आली तेव्हा ओढ्यापलीकडे गेला. आता त्याच्यासाठी डोंगर चढून पलीकडे उतरावं लागे. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. एखादा नातेवाईक गाव सोडून गेल्याचं सांगावं तसं सांगायची. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची लग्नपत्रिका आली. पाकीट, पाकिटात पाकीट, त्यात पातळ बटर पेपर, त्याखाली गुळगुळीत जाड कार्ड, कार्डात आणखी एक कार्ड. कांदा सोलावा तशी मी ती सोलत गेले. आत मजकूर एवढाच की वेळेवर यावे.

मी तिथल्या तिथे ठरवलं, माझ्या पत्रिकेसाठी डोंगरातली एक काडी तुटायची नाही. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत नुकताच यायला लागला होता आणि आमच्या कॉलनीपर्यंत पोचायचा होता. त्यामुळे मी घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं, मी पत्रिकाच छापू नका म्हणतेय. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र कल्पना आवडली. ते कारकून. आयुष्य कागदात गेलेलं. कागद नखाने वाजवून ते त्याची जात सांगायचे, आणि जात विचारायची त्यांना परवानगी होती ती एवढ्याच बाबतीत, असं ते स्वतःच म्हणायचे.

सिन्नरच्या रस्त्याला एक खादीवाले काका हातकागदाचा छोटा कारखाना चालवायचे. एका रविवारी मी आणि अण्णा तिथे गेलो. पत्र्याची शेड, एक पाण्याचा हौद, लगदा कुटणारं एक धडधडणारं यंत्र आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले कागद. वाऱ्याने ते सगळे एकदम हलायचे. अण्णांनी एक कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, कडेवरून बोट फिरवलं. लग्नासाठी मुलगा बघताना त्यांनी एवढं निरखून बघितलं नव्हतं. मला वाटलं, जमलं.

मग त्यांनी विचारलं, हा करता कशाचा?

काकांना याच प्रश्नाची वाट असावी. छाती पुढे काढून ते म्हणाले, झाडाचं एक पानसुद्धा नाही यात. सगळं जुनं सुती कापड. शिंप्यांकडची कात्रणं पूर्वी चालायची, पण आता जो तो टेरिकॉट शिवतो, त्याचा कागद होत नाही. म्हणून बोहारणींकडून घेतो. त्या गावभर फिरून भांड्यांवर जुने कपडे घेतात. त्यातले कुणाच्या अंगावर घालण्याच्या लायकीचे राहत नाहीत, ते माझ्याकडे येतात.

अण्णांनी कागद हळूच गठ्ठ्यावर ठेवला. हात रुमालाला पुसले. काकांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन एसटीच्या थांब्यावर उभे राहिले. घरात पाऊल टाकल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "छापायची तर छाप. पण ती पत्रिका माझ्या हातानं कुणाच्या दारात जाणार नाय."

इथे एक खुलासा करायला हवा. अण्णा एरवी अगदी कचेरीतलं स्वच्छ मराठी बोलत. पण रागावले, की त्यांची भाषा पुढची एसटी पकडून सिन्नरकडच्या त्यांच्या गावाला जाऊन बसायची. ती तिकडे गेली की समजायचं, आता वाद नको.

आणि दुसरा खुलासा. आमच्याकडे पोस्टाने आलेली पत्रिका ही पत्रिकाच नसते. मुलीचा बाप स्वतः दारात यायला हवा, पाणी प्यायला हवा, दोन्ही हातांनी पत्रिका द्यायला हवी, आणि 'सगळ्यांनी यायचंय' असं म्हणायला हवं. अण्णा फिरले नसते तर निम्मे लोक लग्नाला आले नसते, आणि उरलेले निम्मे फक्त अण्णा का फिरले नाहीत ते विचारायला आले असते. मला त्या लोकांची फार पर्वा नव्हती. पण माझ्या लग्नाचं आमंत्रण माझा बाप करणार नाही, हे मला पचण्यासारखं नव्हतं.

अण्णांना काय लागलं, हे आम्हा घरातल्यांना विचारावं लागलं नाही. आम्ही बौद्ध. धर्मांतर अण्णांच्या तरुणपणी झालं. त्यांचं बालपण त्याच्या आधीचं, गावकुसाबाहेरचं. माझ्या आजोबांच्या अंगावर स्वतःसाठी शिवलेला कपडा कधी चढला नाही. मोठ्या घरांतून उतरलेले कपडे लांबून टाकले जायचे. मयतावरचं कापडही त्यांचंच, त्याला हक्क म्हणायचे. असाच एक टाकलेला शर्ट घालून अण्णा लहानपणी शाळेत गेले. पुढच्या रांगेत तो शर्ट टाकणाऱ्या घरातला मुलगा बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं, उभा राहिला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "गुरुजी, शर्ट आहे तो माझा." वर्ग हसला. गुरुजीही हसले. अण्णांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं, तेही वरणात मीठ कमी पडलंय अशा सुरात.

त्यानंतर नियम झाला. पहिल्या पगारात अण्णांनी पांढरं पॉपलिन घेऊन शर्ट शिवला आणि तिथून पुढे या घरात कुणाचं उतरण आलं नाही. कुणाचंच म्हणजे कुणाचंच नाही. कॉलनीभर धाकट्या बहिणी थोरलीचे फ्रॉक घालून वाढत होत्या. माझ्या धाकट्या बहिणीला माझा रुमालसुद्धा मिळाला नाही. नियमाला दुसरी बाजूही होती. आपण घेणार नाही, तसं देणारही नाही. आपलं टाकलेलं दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढायला नको. त्यामुळे बोहारीण आमच्या गल्लीत शिरली की आमचं दार सोडून पुढे जायची. शेजारणींच्या फळीवर स्टीलच्या डब्यांची उतरंड चढत होती आणि आमची आई तिकडे बघून उसासे टाकत होती. जुन्या शर्टांनी लादी पुसायचीही सोय नव्हती, ते अण्णांना बघवायचं नाही. मग ते शर्ट जायचे कुठे? पलंगाखालच्या ट्रंकेत. आमच्याकडे पाहुणे पलंगावर बसायचे, म्हणजे खरं तर अण्णांच्या अख्ख्या नोकरीवर बसायचे.

कागदाचा विषय बंद झाला. अण्णा माझ्याशी बोलायचे, पण चहा दे, वर्तमानपत्र दे, एवढंच. मी बाजारातल्या पत्रिकांचे नमुने आणून ठेवले. मी हट्ट सोडला होता असं नाही. पण त्या नमुन्यांतली सोनेरी किनार बघून मला घाटातला ट्रक दिसायचा आणि कागद बाजूला सारला की अण्णांचा चेहरा.

तिसऱ्या शनिवारी मी घरी आले तर बाहेरच्या खोलीत मधोमध ट्रंक. आईने ती एकटीने ओढत आणली होती. लादीवर उठलेला ओरखडा त्या घरात शेवटपर्यंत होता. अण्णा खुर्चीत बसलेले. आईने झाकण उघडलं आणि वरचा एक शर्ट उचलून त्यांच्यापुढे धरला.

"हे कुणाचे?"

"माझे."

"कुणी टाकलेले?"

"कोण टाकील? माझ्या पगाराचे हायेत."

"मग करा त्यांचाच कागद. मला ट्रंक मोकळी पाहिजे, पोरीच्या भांड्यांना."

अण्णांनी शर्ट हातात घेऊन त्याची कॉलर नीट केली. मग वकिली मुद्दा काढल्यासारखे म्हणाले, "म्हंजे मी आता लोकांना माझं उतरण वाटत फिरू?"

आई म्हणाली, "उतरण अंगात घालतात. तुमची पत्रिका कोण अंगात घालणार हाय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे छताकडे पाहिलं. या वादात विज्ञानाची गरजच नव्हती, आई एकटी पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खाली बसले आणि एकेक शर्ट काढत गेले. हा नोकरीत कायम झालो तेव्हाचा. हा तू झालीस तेव्हाचा, दवाखान्याबाहेर बसून मळवलेला. निळ्या रेघांचा हा एकच, तो शिंप्याने चुकून भलत्याच कापडाचा शिवला होता, पण परत करायला अण्णांना संकोच वाटला. आई ब्लेडने बटणं कापून एका डब्यात टाकत होती आणि कॉलरी वेगळ्या करत होती, कारण कॉलरीत घातलेलं बकरम लगद्यात चालत नाही, असं काकांनी सांगितलं होतं. अण्णांच्या आठवणी लांबल्या की ती म्हणायची, बोला, पण हात चालू द्या.

काकांनी शर्ट तपासले ते काडेपेटी घेऊन. प्रत्येकाचा एक दोरा ओढायचा आणि जाळायचा. सुती असेल तर भुरभुर राख, नसेल तर काळा टणक गोळा. एकापाठोपाठ एक शर्टांच्या दोऱ्यांची राख झाली आणि अण्णांचा चेहरा खुलत गेला. शेवटी त्यांनी पिशवीतून त्यांचा सगळ्यात लाडका शर्ट काढला. बढतीच्या वेळी शिवलेला, सायीच्या रंगाचा, टेरिकॉटचा. त्याचा मनगटाजवळ फाटलेला कोपरा वगळला तर तो कधी जुना झालाच नव्हता. पण एवढ्या मोठ्या कार्यात तो मागे राहायला नको, असं त्यांना वाटलं असावं. दोरा पेटला, आकसला आणि त्याचा काळा मणी झाला.

काका म्हणाले, हा तुमच्या नातवंडांच्या लग्नालाही असाच राहील, पण कागद काही होणार नाही.

अण्णा एवढे हिरमुसले की मला त्या शर्टाची दया आली. परतताना त्यांनी तो घडी घालून मांडीवर धरला होता, नापास झालेल्या मुलाला घरी न्यावं तसा.

कागद झाला त्या दिवशी अण्णांनी रजा काढली. यंत्र आधी धुऊन घ्यावं, आमच्या शर्टांत दुसऱ्या कुणाची चिंधी मिसळू नये, हा आग्रह त्यांनी इतक्या नम्रपणे धरला की काकांना नाही म्हणता येईना. मग शर्टांचा लगदा झाला, लगदा हौदात गेला, आणि काकांचा माणूस जाळीची चौकट पाण्यात बुडवून एकेक कागद वर काढायला लागला. अण्णांना राहवेना. त्यांनीही बाह्या वर करून एक काढला. तो एका बाजूला भाकरीएवढा जाड आणि दुसऱ्या बाजूला पापडासारखा पातळ झाला. तो माझ्याकडे अजून आहे.

आमच्याकडे लग्नात पांढरं शुभ. कागद तसा पांढरा निघाला, धुऊन वाळवलेल्या सदऱ्याचा असतो तसा पांढरा. पण त्या एका निळ्या रेघांच्या शर्टाने चुपचाप आपलं काम केलं होतं. कागदभर बारीक निळे केस उमटले होते. आमची निळाई आम्ही काकांकडे मागितली नव्हती, ती आपली आपण आली. त्यावर निळ्या शाईत वर धम्मचक्र आणि खाली मजकूर. एकच कार्ड, पाकीट नाही. छापखान्याचा मालक आधी कुरकुरला की असल्या खरबरीत कागदावर टाईप नीट उठत नाही. छापून झाल्यावर मात्र एक पत्रिका मला द्या म्हणाला. त्याला लग्नाला यायचं नव्हतं, कागद पाहिजे होता.

आणि अण्णा निघाले. स्वतः, दारोदार. अंगात तो नापास झालेला टेरिकॉटचा शर्ट. आईने मनगटाचा कोपरा असा रफू केला होता की कळायचंही नाही. नवऱ्या मुलीने पत्रिका वाटत फिरू नये, असं एक-दोन बायका म्हणाल्या. पण अण्णांनी मला बरोबर घेतलं, कारण कागद तुझ्या डोक्यातून निघालाय तर प्रश्नांची उत्तरंही तूच दे, असं त्यांचं म्हणणं. फक्त एक अट होती. कुणी विचारलं तर हातकागद म्हणायचं. पुढे बोलायचं नाही.

ही अट माझ्यासारखीला घालणं म्हणजे शिंक धरून ठेव म्हणण्यासारखं होतं. दर घरात तेच. लोक पत्रिका घ्यायचे, वाचायच्या आधी चाचपायचे, निळे केस नखाने उकरून बघायचे आणि विचारायचे, कशाचा हो? अण्णा म्हणायचे, हातकागद. माझ्या ओठांवर सगळी ट्रंक येऊन उभी राहायची. मी पाणी पिऊन ती गिळायचे. त्या दिवसांत मी जन्मात प्यायले नसेन इतकं पाणी प्यायले.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण गोष्टीचा शेवट दुसरीकडे आहे. लग्न झालं, तारीख बरोबर छापली होती. अण्णांचे कचेरीतले साहेब सहकुटुंब आले, पंगतीत बसून जेवले. त्यानंतर आमच्या कॉलनीतल्या काही घरांनी आपापल्या पत्रिका काकांकडे करून घेतल्या, आपापली गाठोडी घेऊन. एका मास्तरांच्या मुलीची पत्रिका फिकट गुलाबी होती. तिच्या आईची वापरून विरलेली पातळं त्यात होती, आणि ती माउली पत्रिका देताना न विचारता सांगायची. घाटातला बांबूचा ट्रक काही आमच्या पत्रिकांनी थांबला नाही. पण नंतर माझ्या शाळेतल्या मुलांनी आपल्या फाटक्या बनियनचा लगदा करून जाळीच्या चाळणीवर कागद काढला, त्यावर चित्र काढलं, आणि ते चित्र टोपलीवाल्या बाईने भिंतीला लावलं. मला तेवढ्याने पुष्कळ वाटलं. आजही वाटतं.

तर, ते साहेब. राहायला पंचवटीत, भाजीबाजारामागच्या बोळात. माणूस सज्जन, देवभक्त, कामात चोख. अण्णांना ते कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. सणासुदीला अण्णा त्यांच्याकडे जात. चहा मिळे, फराळ मिळे, पण ओसरीवर. इतक्या वर्षांत ओसरीची पायरी कधी आतल्या बाजूला ओलांडली गेली नव्हती, आणि ती का, हे दोघांपैकी कुणी कधी काढलं नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हाही ओसरीवरच बसलो. अण्णांनी उभं राहून दोन्ही हातांनी पत्रिका दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली, मग कपाळाला लावली. नक्की येणार म्हणाले. मग कागदावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, उजेडाकडे धरला.

"काय सुरेख कागद आहे हो. कशाचा?"

"हातकागद," अण्णा म्हणाले आणि आढ्याकडे बघायला लागले.

साहेब म्हणाले, असा कागद टेबलावर ठेवायचा नसतो, आधी देवापुढे ठेवायचा असतो. त्यांनी बाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, हाक मारली. आम्हाला ओसरीवरून दारातून सरळ आतलं देवघर दिसत होतं. चंदनाचा वास, समई, ओळीने बसलेले देव. बाईंनी पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. साहेबांनी ती देवांच्या पायाशी ठेवली, वर एक फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, हे आता रडणार. मग बघते तर दाबलेल्या हसण्याने पोट हलत होतं. ते उठले, दोन पावलं पुढे गेले, आणि ओसरीच्या त्या पायरीच्या आत उभे राहिले. सायीच्या रंगाचा टेरिकॉट, हातात पत्रिकांची पिशवी. कचेरीतलं सगळं स्वच्छ मराठी सोडून त्यांची भाषा सिन्नरची एसटी पकडून निघाली होती. पण या वेळी राग नव्हता. शेजारच्या भाजीवाल्यांनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ते म्हणाले,

"सायेब, शर्ट हाय तो माझा."